खंड्या गुरगुरतो, त्याला गुरगुरू द्या

ताई, रस्त्यावरून आणलेला तुमचा कुत्रा खंड्या गुरगुरतो, आता आबांना चावला, काय करायचं, असं तुम्ही लिहून विचारलंत. खंड्याचं नंतर बघू. आधी आबांचा हात.

तुम्ही लिहिलंय की चावून चार दिवस झाले, मनगटावर दोन दातांच्या खुणा आहेत, रक्त आलं होतं. आईंनी त्यावर हळद-चुना भरला आणि घरचंच कुत्रं म्हणून दवाखान्यात कुणी गेलं नाही. हे वाचून झालं की उठा आणि आबांना सिव्हिलला घेऊन जा. उशीर झालाय म्हणून आता जाऊन काय उपयोग, असं रेबीजच्या बाबतीत लक्षणं दिसेपर्यंत कधीच नसतं. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेच्या आत आणि भोवती सीरमही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं, ते आठवणीने विचारा. सरकारी दवाखान्यात लस कातडीत देतात, पहिल्या डोसाचा दिवस शून्य धरून मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. यापुढे कुणालाही, कुठलंही कुत्रं चावलं तर वाहत्या नळाखाली साबण लावून घड्याळ बघून १५ मिनिटं जखम धुवायची. हळद नाही, चुना नाही, तिखट तर मुळीच नाही, आणि वरून घट्ट पट्टीही नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून यात मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

तुमचा पहिला प्रश्न होता, खंड्या पिसाळलाय का? तुम्ही सांगताय त्यावरून तसं वाटत नाही. तो तीन आठवड्यांपासून गुरगुरतोय, पण नीट जेवतो, पाणी पितो, तुमच्या हाका ओळखतो. पिसाळलेलं कुत्रं लक्षणं दिसल्यावर साधारण दहा दिवसांच्या आत मरतं. तरीही चावल्याच्या दिवसापासून दहा दिवस त्याला घरातच ठेवा आणि रोज बघा. खाणं सुटलं, आवाज बदलला, लाळ गळायला लागली, चालताना तोल जायला लागला तर त्याच्या जवळ न जाता पशुवैद्यकांना कळवा. तो दहा दिवस ठणठणीत राहिला, तर आबांच्या पुढच्या डोसांचं काय करायचं ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. पण खंड्याचे दहा दिवस बघू आणि मग आबांची लस सुरू करू, हा हिशेब चुकीचा आहे. आणखी एक गोष्ट. खंड्याला रेबीजची लस द्यायचीच आहे, पण हे दहा दिवस उलटल्यावर. मध्येच दिली आणि त्याला काही झालं, तर ते लसीमुळे की आजारामुळे हे कळायला मार्ग राहत नाही.

आता खंड्या. माझ्या डोळ्यासमोर जे चित्र उभं राहिलं ते सांगतो, चुकत असेन तर दुरुस्त करा. अंदाजे दोन वर्षांचा गावठी नर. पाच आठवड्यांपूर्वी लिंब खिंडीजवळ हायवेच्या कडेला गाडीने उडवलेला सापडला. तुम्ही आणि मिस्टरांनी गोडोलीला घरी आणला, मलमपट्टी केली. पहिले दोन आठवडे अगदी गरीब, कॉटखाली पडून राहायचा. तिसऱ्या आठवड्यात जेवणाच्या थाळीजवळ कुणी गेलं की गुरगुरायला लागला, मग कॉटजवळ गेलं की. सात वर्षांच्या मुलीने एकदा गळ्यात हात टाकला, तेव्हा दात दाखवले. मागच्या गुरुवारी आबांची चप्पल त्याने कॉटखाली नेली. आबांनी काठी घालून ती ओढायला बघितली आणि तो चावला. मिस्टर म्हणतात, दोन फटके द्या म्हणजे सुतासारखा सरळ होईल. शेजारचे म्हणतात, यवतेश्वर घाटात सोडून या.

सुरुवातीचे ते दोन शांत आठवडे सगळ्यांची फसगत करतात. घरोघर हेच वाक्य ऐकतो, "आणला तेव्हा इतका गुणी होता हो." तो गुणी नव्हता ताई, घाबरून थिजलेला होता. अपघात झालेला, अनोळखी घर, अनोळखी माणसं. अशा वेळी कुत्रं मिटून घेतं, डोळे खाली, शेपूट पोटात. थोडं सावरलं की त्याला कळतं, इथे अन्न आहे, इथे आडोसा आहे. मग ते अन्न आणि तो आडोसा हातचा जाईल या धास्तीने ते राखायला लागतं. उकिरड्यावर वाढलेल्या कुत्र्याने तोंडातला घास सोडला तर त्याला दुसरा मिळत नाही. खंड्या दोन वर्षं तेच शिकलाय.

आणि तो पाय. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, "मागचा डावा पाय अजून थोडा उचलून धरतो." माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या मजकुरात हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची. पाच आठवड्यांनंतरही पाय पूर्ण टेकवत नसेल, तर हाड वाकडं जुळलं असेल किंवा खुब्याला मार असेल, आणि तो दुखतोय. आपली कंबर धरली असेल तर पोर अंगावर चढलं तरी आपण खेकसतोच. कुत्र्याला खेकसायला फक्त दात आहेत. माझ्याकडे येणाऱ्या चावऱ्या कुत्र्यांत दुखणं सापडणारी इतकी असतात, की दुखणं नाही याची खात्री होईपर्यंत मी स्वभावावर बोलतच नाही. कानातला जुना पू, किडलेला दात, गोचिडतापाने आखडलेले सांधे हेही त्यात येतं. म्हणून खंड्याच्या पायाचा आणि कमरेचा एक्स-रे काढा. साताऱ्यात झाला तर उत्तमच. हाडाची शस्त्रक्रिया लागेल असं कुणी म्हणालं, तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथल्या शल्यचिकित्सकांचं मत घ्या. एक्स-रेत काही दिसलं नाही तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे वेदनाशामक देऊन बघतात. तेवढ्यात गुरगुरणं निम्म्यावर आलं तर उत्तर मिळालं. घरातली माणसांची गोळी मात्र देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंडं निकामी करतात.

आता मिस्टरांच्या दोन फटक्यांविषयी. त्यांना माझ्या वतीने सांगा, पूर्वी मीही हेच सांगत होतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घरी अल्सेशियन होता, माणसं जवळ आली की गुरगुरायचा. मी मालकांना गळ्यात आवळणारी साखळी घालायला लावली आणि गुरगुरला की जोरात झटका द्यायला सांगितलं. महिन्याभरात गुरगुरणं बंद झालं. त्यांनी कंदी पेढ्याचा पुडा आणून दिला. तीन महिन्यांनी त्याच कुत्र्याने घरातल्या चार वर्षांच्या नातवाच्या गालाचा लचका तोडला. आजी शेजारी बसली होती. ती मला पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिली, "आवाजसुद्धा केला नाही हो त्याने." करणार कसा? आवाज करायचा नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं. भीती जिथल्या तिथे होती, तिची खूण तेवढी मी पुसून टाकली. ते मूल आता मोठं झालंय, गालावर व्रण आहे. रस्त्यात दिसलं की आजही माझं पाऊल अडखळतं.

तेव्हापासून गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मी कुणाला गप्प करू देत नाही. गुरगुरणं म्हणजे चावायची वेळ येऊ नये म्हणून कुत्र्याने केलेली विनवणी. ती ऐकू आली की हातातलं काम सोडायचं, त्याच्याकडे एकटक न बघता, पाठ न दाखवता, कडेकडेने दोन पावलं मागे यायचं. त्याला बक्षीस मिळालं, आता तो डोक्यावर बसेल, असं वाटतं खरं. पण तो डोक्यावर बसत नाही. माणसं आपलं ऐकतात, हे कळल्यावर त्याला दातांपर्यंत जायची गरज उरत नाही.

मारण्याविषयी आकडाही सांगतो, माझ्या अनुभवावर सगळं सोडू नका. अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये १४० श्वानपालकांची पाहणी प्रसिद्ध केली. नको ते वागणाऱ्या कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या पालकांपैकी ४३ टक्के लोकांच्या अंगावर कुत्रं उलट आलं होतं. डोळ्याला डोळा भिडवून दटावणं, उताणं पाडून दाबून धरणं, यांनीही बऱ्याच जणांवर तीच वेळ आणली. आपण कळपाचा राजा आहोत हे कुत्र्याला दाखवून द्यायचं, ही कल्पना मुळात कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. ती लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक असलेले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, गादीसाठी भांडणारी टोळी नव्हे. आपल्याकडे मात्र कुत्र्याला धाकात ठेवा, हा सल्ला पानाच्या टपरीवरही फुकट मिळतो.

गुरुवारचा दिवस पुन्हा डोळ्यासमोर आणा. तुम्हीच लिहिलंय, सकाळपासून पाऊस होता, म्हणजे पाय जास्त ठणकत असणार. घरात पाहुणे होते. दुपारी सिलिंडरवाला आला, तो खणखणाट. आणि संध्याकाळी कॉटखाली काठी. रस्त्यावरच्या कुत्र्याला काठी म्हणजे काय, ते सांगायला नको. दूध शेवटच्या एका आचेने उतू जात नाही, ते सकाळपासून तापत होतं. एका मोठ्या धसक्यानंतर कुत्र्याच्या अंगातला ताण उतरायला दोन-दोन, तीन-तीन दिवस लागतात. पाहुणे येऊन गेले की पुढचे दोन दिवस खंड्याला कुणी छेडायचं नाही, एवढं घरात ठरवून टाका.

उतू जाण्याआधीच्या खुणा घरातल्या सगळ्यांना ओळखता यायला हव्यात. आधी तो नजर चुकवेल, मान फिरवेल. खायला काही नसताना ओठांवरून जीभ फिरवेल, झोप नसताना जांभई देईल. मग मान तिकडे आणि डोळे इकडे, डोळ्याचा पांढरा भाग कोयरीसारखा दिसेल. मग क्षणभर दगड होईल, शेपूटसुद्धा हलणार नाही, खाता खाता तोंड थांबेल. मला या थिजण्याची गुरगुरण्यापेक्षा जास्त धास्ती वाटते, कारण ते लोकांना शांतपणा वाटतं. हलणारी शेपूट म्हणजे खूश, हेही डोक्यातून काढा. ताठ उभारलेली, टोकाशी थरथरणारी शेपूट वेगळं सांगते.

आजपासून घरात काय करायचं ते सांगतो. आधी आबांच्या कॉटखालची जागा ट्रंका सरकवून बंद करा, पण तो उठून दुसऱ्या खोलीत गेला असताना. तो आत असताना नको. त्याला स्वतःची गुहा द्या, सोप्यातल्या कोपऱ्यात जुनं टेबल, तिन्ही बाजूंनी चादर, खाली गोधडी. वर्दळीच्या वाटेवर नको. तिथे तो बसला की त्याला कुणी हाक मारायची नाही, हात घालायचा नाही, केर काढायला सुद्धा तो उठल्यावर जायचं. सोपा आणि स्वयंपाकघर यांच्या दाराला फॅब्रिकेशनवाल्याकडून कमरेएवढं जाळीचं फाटक करून घ्या. फाटकाला खर्च येईल, पण माझ्या मते औषधांपेक्षा आधी तो करा. दिवसभर साखळीला बांधून ठेवणं हा त्याला पर्याय नाही. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, मग भीती वाटली की त्याच्याकडे चावणं एवढीच वाट उरते.

मुलगी आणि खंड्या एका खोलीत असतील, तेव्हा एक मोठं माणूस फक्त तेच बघत बसलेलं हवं. भाजी निवडता निवडता बघणं म्हणजे बघणं नव्हे. कुणी नसेल तर मध्ये फाटक. लहान मुलांना कुत्री चावतात ती बहुतेक तोंडावर, कारण मुलं मिठी मारतात आणि त्यांचं तोंड कुत्र्याच्या तोंडापाशी येतं. मिठी आपल्याला माया वाटते, कुत्र्याला ती पकड वाटते.

जेवणाचं असं. थाळी फाटकाच्या आत, त्याच्या बाजूला. खाऊन होईपर्यंत कुणी जवळ नाही. "मालक आहोत हे कळलं पाहिजे" म्हणून खात्या थाळीत हात घालायची, थाळी मध्येच उचलायची सवय कुणाला असेल तर ती आजपासून बंद. रविवारच्या मटणाची हाडंही बंद, घरातली अर्धी भांडणं त्यावरून होतात आणि शिजवलेलं हाड आतड्यात टोचतं ते वेगळंच. एक आठवडा असा शांततेत गेला की पुढचं पाऊल. तो भाकरी-दूध खात असताना तुम्ही, फक्त तुम्ही, इतक्या लांबून जा की तो मानही वर करणार नाही. समजा दहा फूट. जाता जाता उकडलेल्या कलेजीचा हरभऱ्याएवढा तुकडा थाळीच्या दिशेने टाका आणि न थांबता पुढे निघून जा. थाळीत दूध-भाकरी, आणि माणूस आलं की कलेजी. दिवसातून दोन-तीन फेऱ्या, बस. काही दिवसांनी तुम्हाला बघून तो खायचं थांबवून वर बघेल, अंग सैल, डोळे मऊ, "आणलंस का?" अशा नजरेने. तेव्हा एक फूट जवळ. थिजला किंवा भराभर गिळायला लागला तर घाई झाली, परत दोन फूट मागे. दहा फुटांचे तीन फूट व्हायला एखाद्या कुत्र्याला पंधरा दिवस लागतात, एखाद्याला चार महिने. मग हेच सगळं मिस्टरांनी पहिल्यापासून करायचं, मग आईंनी. मुलीने नाही.

चप्पल, मोजा, खेळणं पळवलं तर मागे धावायचं नाही. पाच-सहा तुकडे त्याच्यापासून लांब जमिनीवर पसरून टाका. तो ते वेचत असताना वस्तू उचला, तीही त्याच्या तोंडासमोरून नको. साध्या दिवशी, त्याला फारसं महत्त्व नसलेल्या वस्तूवर ही अदलाबदल "सोड" म्हणत रोज खेळा. शक्य तिथे वस्तू परत द्या. सोडलं की परत मिळतं, हे त्याला पटायला हवं. आणि चपला कपाटात ठेवा. शिकवण्याइतकंच हेही काम मोलाचं आहे.

हात लावायचा तर त्याने यावं, आपण जायचं नाही. आला की छातीवर किंवा हनुवटीखाली तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. परत डोकं पुढे केलं तर आणखी तीन सेकंद. तोंड फिरवलं तर तो नको म्हणतोय. दुखऱ्या पायाला घरात कुणी हात लावायचा नाही.

मझल हा शब्द ऐकून आईंना वाईट वाटेल. मळणीच्या बैलाला मुसकी घालतात ना, तसंच ते. पण कापडी, तोंड आवळणारी घेऊ नका. जाळीची, टोपलीसारखी घ्या, तिच्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. पहिल्या दिवशीच बांधायची नाही. आतल्या बाजूला दही लावा, तो स्वतः तोंड घालेल. आठ-पंधरा दिवसांत पट्टा लावेपर्यंत या. मग दवाखान्यात नेताना, एक्स-रेच्या वेळी सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. एक्स-रेची घाई असेल आणि एवढा वेळ नसेल, तर घरातून निघण्याआधी द्यायचं औषध डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवा. मुसकी घालून एकटं मात्र कधी सोडायचं नाही.

गणपतीची मिरवणूक, दिवाळीचे फटाके, लग्नाचा डॉल्बी या दिवसांसाठी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. भीती फार खोल असेल तर फ्लुओक्सेटीनसारखी औषधं पशुवैद्यक देतात. त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ती मनाने सुरू-बंद करायची नसतात. नसबंदी जरूर करा, हुंदडणं आणि नरा-नरांची भांडणं कमी होतात. पण थाळी राखणं आणि काठीची भीती तिने जाईल, ही आशा ठेवू नका.

तुमचा शेवटचा प्रश्न, हा असाच राहणार का? इयान डनबार या पशुवैद्यांनी चावण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या आहेत, मी त्याच वापरतो. पहिलीत दात अंगाला लागतच नाहीत, दुसरीत लागतात पण रुतत नाहीत. आबांना एकदाच चावला, दोन खुणा, उथळ, धरून झटकलं नाही, लगेच सोडलं. ही तिसरी पायरी. कॉटखाली कोंडलेल्या, दुखऱ्या, काठी समोर आलेल्या कुत्र्याने एवढ्यावर थांबणं, यात मला त्याचा संयम दिसतो. अशी कुत्री सुधारताना मी पुष्कळ पाहिली आहेत. साधारण सहा महिने धरून चला. पण तो खोल चावला, धरून झटकलं, पुन्हा पुन्हा चावला, किंवा काही कारण नसताना मुलीच्या मागे जायला लागला, तर लहान मूल असलेल्या घरात त्याला ठेवू नका, असं मी स्वतः तुम्हाला सांगेन. तेव्हा मूल नसलेलं, कुत्र्याची जाण असलेलं घर शोधावं लागेल आणि त्यांना चावल्याचं सगळं खरं सांगावं लागेल. यवतेश्वर घाटात मात्र नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने उपाशी-तहानेलं मरायला असं सोडून देणं गुन्हा आहे. आणि लंगडा, घाबरलेला कुत्रा घाटात सोडला, तर तो पुढच्या वाटसरूला चावेल नाहीतर बिबट्याच्या तोंडी जाईल.

सध्या एवढं करा, सिव्हिलला जाऊन या आणि आबांची पहिली लस झाली की मला कळवा. दहा दिवस संपले की एक्स-रे. मुलीला एक वही द्या. फाटकाच्या अलीकडे बसून तिने रोज लिहायचं, आज खंड्याने किती वेळा जांभई दिली, कधी जीभ फिरवली, तेव्हा घरात काय चाललं होतं, पाय टेकवला की नाही. सात वर्षांची मुलं हे मोठ्यांपेक्षा बारकाईने टिपतात. पुढच्या वेळी याल तेव्हा ती वही घेऊन या, औषध ठरवताना मला ती लागेल.